दुपारचं घोरणं

धाकटं मशीन रविवारी सकाळी आलं, तेव्हा कासाऱ्यांचं सगळं घर दारात उभं होतं. लग्न होऊन प्राची या घरात आली त्या दिवशीही दारात इतकी उत्सुकता नव्हती. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण लक्षात ठेवलं.

मशीनवाल्यानं खोकं उघडलं. चहाच्या मोठ्या डब्याएवढं ते ऑक्सिजनचं मशीन पट्ट्यानं सितारामच्या खांद्याला अडकवलं, नळीची दोन टोकं त्याच्या नाकात बसवली आणि दोनच गोष्टी बजावल्या. विस्तवाजवळ जायचं नाही, आणि बॅटरीचा दिवा लाल व्हायच्या आत घर गाठायचं. मग चहा न घेताच तो गेला. चहा न घेता गेल्यामुळे सितारामच्या बायकोला, गोजराला, मशीनबद्दलच थोडी शंका वाटली.

याला धाकटं म्हणायचं, कारण थोरलं आतल्या खोलीत होतं. ते दिवसरात्र गुरगुरायचं. त्याची लांब नळी हॉलपर्यंत पोचायची, संडासापर्यंत पोचायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची. गॅलरीच्या कठड्यापर्यंत मात्र वीतभर कमी पडायची. सीवूड्सच्या त्या पहिल्या मजल्यावर दोन वर्षं सितारामचं राज्य नळीएवढं होतं. त्याआधीचं आयुष्य तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात पोत्यांत पावडर भरण्यात गेलं होतं आणि उरलेला वेळ बिडीत. फुप्फुसं कुणामुळे गेली, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले होते, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. सितारामला तो निवाडा न्याय्य वाटला होता.

"आधी त्रिशरण म्हणू या," क्रांती म्हणाली. "नवीन वस्तू आली घरात. तशीच नाही वापरायची."

क्रांती ही थोरली मुलगी. तुर्भ्याच्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती. घरातही तिची तीच जागा होती, कारण मुख्याध्यापकाची जागा कुणीच भरली नव्हती.

"मेणबत्ती?" सुगतनं विचारलं. "ताई, तो आत्ताच सांगून गेला, विस्तव नको म्हणून."

"आणलीय मी," प्राची म्हणाली आणि पर्समधून बॅटरीवरची मेणबत्ती काढली. बटण दाबल्यावर ती अगदी खऱ्यासारखी थरथरली. बुद्धाच्या मूर्तीपुढे ती ठेवून सगळ्यांनी हात जोडले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. सितारामचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. आवाज अधूनमधून सामील होत होता.

हात खाली आले आणि घरात एकच गलका झाला.

"पहिला मान खारघरचा," सुगत म्हणाला. "मी लिफ्टमनला सांगून पण ठेवलंय."

"काय सांगितलंस?"

"की बाबा येणार आहेत."

"मग तो काय हार घेऊन उभा राहणार आहे? बाबा आधी उलव्याला येतील. मी मोठी आहे."

"ताई, उलव्याला सगळीकडे बांधकामं चाललीयत. धूळ बघ किती. बाबांना दोन मिनिटांत धाप लागेल."

"आणि तुझ्या त्या विसाव्या मजल्यावर काय ऑक्सिजन ओसंडून वाहतोय का रे?"

"मला आधी..." सिताराम म्हणाला.

सगळे एकदम थांबले.

"चहा हवाय," गोजरा म्हणाली आणि उठली.

श्वास पुरेनासा झाल्यापासून सितारामची वाक्यं अर्ध्यावर थांबायची आणि उरलेली अर्धी गोजरा पूर्ण करायची. सुरुवातीला मदत म्हणून, मग सवय म्हणून, आणि आता तर ती घरातली रीतच झाली होती. तिनं पूर्ण केलेल्या वाक्यात कुणी चूक काढू शकलं नसतं. फक्त ते त्याचं वाक्य नसे. मागच्या हिवाळ्यात तो एकदा "माझा तो निळा शर्ट..." इतकं म्हणाला होता. "वॉचमनला देऊन टाकायचाय," असं गोजरानं पूर्ण केलं. त्याचा सगळ्यात लाडका शर्ट तेव्हापासून तो खिडकीतून पाहत होता. वॉचमनला तो छान बसायचा, हेही त्याला मान्य होतं.

चहा आला. सितारामनं तो निमूटपणे घेतला.

*

क्रांतीचं चहाकडे लक्ष नव्हतं. बुधवारची एक गोष्ट अजून तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

बुधवारी शाळा लवकर सुटली म्हणून ती न कळवता इकडे आली होती. दार स्वतःच्या किल्लीनं उघडलं. थोरलं मशीन गुरगुरत होतं. बाबा कॉटवर डोळे मिटून मोठमोठ्यानं घोरत होते. आई नव्हती. स्वयंपाकघरात नाही, गॅलरीत नाही, दारातल्या तिच्या चपलाही नाहीत. आई आली ती बऱ्याच वेळानं. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि चक्क गुणगुणत. अंगाला भाजलेल्या सुक्या मासळीचा वास. लेकीला बघताच गुणगुणणं बंद झालं होतं.

आईचा तो चेहरा क्रांतीनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. खरा राग त्याचाच होता. पण तो असा सांगता येत नाही. म्हणून तिनं दुसरा सांगितला.

"आई, बुधवारी दुपारी तू कुठे होतीस?"

"बुधवारी? दळण टाकायला गेले होते."

"गिरणी बुधवारी बंद असते."

"बंद होती, म्हणून तर वेळ लागला," गोजरा म्हणाली.

सुगत हसला. क्रांती हसली नाही.

"सुगत, हसू नकोस. बाबा एकटे होते घरात. घोरत पडले होते. आणि ही तासभर बेपत्ता."

सुगत आतापर्यंत आईच्या बाजूनं होता. आता तो खुर्चीत सरसावून बसला. "एकटे? आई, लाइट गेली असती तर?"

"सिलेंडर आहे. फोन उशाशी असतो. आणि वॉचमनला सांगून जाते. लाइट गेली की तो धावत वर येतो. उगाच नाही शर्ट दिला त्याला."

सितारामनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तो शर्ट..."

"जुनाच झाला होता," गोजरानं पूर्ण केलं.

"ताई, एक तास बाहेर गेल्या तर बिघडलं काय?" प्राची म्हणाली. गोजरानं चमकून सुनेकडे पाहिलं. सुनेनं आपली बाजू घ्यावी, असा प्रसंग यापूर्वी आला नव्हता. "चोवीस तास पेशंटजवळ बसून माणूस वेडं होईल. बर्नआउट होतं." प्राची एका कंपनीत एचआरला होती. माणसांना न दुखवता नोकरीवरून काढणं हा तिच्या कामाचाच भाग होता. "म्हणून मी काय म्हणते, आता मशीन आलंच आहे, तर दोघांनी कायमचं खारघरला यावं. दिवसभराची बाई ठेवू. बागबगीचा सोसायटीतच आहे. आईंना घराबाहेर पडायची गरजच लागणार नाही."

"हे बरोबर बोललीस," क्रांती म्हणाली.

लग्नाच्या मेनूपासून या दोघींचं कशावरही एकमत झालं नव्हतं. सुगतनं आधी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि एवढी मोठी संधी वाया जाऊ नये म्हणून तोही घाईघाईनं हो म्हणाला.

"मी पुढच्याच रविवारी टेम्पो सांगतो. थोरलं मशीन आधी नेऊ."

"मला..." सिताराम म्हणाला.

"पंखा कमी करून हवाय," गोजरा म्हणाली. पण या वेळी ती उठली नाही.

*

धूर नको, असं डॉक्टर म्हणाले होते. धूर म्हणजे काय काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते गोजरानं स्वतःच ठरवलं. उदबत्ती गेली. मग भाकरी भाजणं गेलं. मग फोडणी. लसूण तेलात पडल्यावर जो चर्र आवाज होतो, त्यावर आपण इतकी वर्षं जगत होतो, हे तिला तो आवाज गेल्यावर कळलं. कुकरच्या शिट्टीवर माणसं जगतात, पण त्या जगण्याला वास नसतो. सुके बोंबील भाजायचं तर नावही काढायचं नाही. माणगावाकडच्या माहेरी जिच्या हातची सुकट नावाजली जायची, ती गोजरा दुधीची भाजी उकडून वाढत होती आणि नवरा ती "छान" म्हणून खात होता. ते "छान" तिला फार लागायचं.

करावे गावातली केशरबाई सोसायटीच्या गेटवर सुकी मासळी विकायला यायची. तिनं एकदा गोजराला जवळा नुसता हातात घेऊन हुंगताना पाहिलं आणि म्हणाली, "असा काय वास घेतंस गो, फुलासारका? चल माज्या घरी." तेव्हापासून दुपारचा तो तास.

आणि आता टेम्पो.

"जाते मी," गोजरा म्हणाली. आवाज एकदम चढला. "करावेला जाते, केशरबाईकडे. बोंबील भाजते, भाकरीशी खाते, पोट दुखेपर्यंत हसते आणि येते. झालं? लिहून घ्यायचंय का?"

"बाबांना झोपवून?" क्रांती म्हणाली.

"त्यांना कोण झोपवतंय? ते झोपतच नाहीत!"

"आई, मी स्वतः ऐकलंय. केवढ्यानं घोरत होते!"

"म्हणूनच सांगते. लग्न झाल्यापासून या माणसाच्या शेजारी झोपतेय मी. झोपेत हूं नाही की चूं नाही. श्वास चाललाय की नाही, म्हणून मीच रात्री हात लावून बघते. हे घोरतात ते फक्त जागेपणी. माझी भांडी आवरून झाली रे झाली, की यांचं सुरू."

सगळ्यांनी सितारामकडे पाहिलं. सिताराम आपल्या नव्या मशीनकडे पाहत होता.

"बाबा नाटक करतात?" सुगत म्हणाला.

"पहिल्याच दुपारी कळलं मला," गोजरा म्हणाली. "माणूस झोपेचं सोंग कशाला घेतो? समोरचं माणूस नको असतं म्हणून. म्हटलं, कंटाळले. दिवसभर हीच बाई, तिच्याच हातच्या गोळ्या, तिचेच डोळे वटारलेले. तेवढा एक तास मी नजरेसमोर नको असेन. दिली सुट्टी. मी तरी रोज कुठे जायला निघाले होते? यांनी घोरून हाकललं, म्हणून गेले."

तिनं पदर नाकाशी नेला.

"गोजरा," सिताराम म्हणाला, "मी..."

सवयीनं सगळ्यांनी उरलेल्या वाक्यासाठी गोजराकडे पाहिलं. गोजरा फरशीकडे पाहत होती. तिनं वाक्य पूर्ण केलं नाही.

घराला याची सवय नव्हती. थोरलं मशीन आत उगाचच गुरगुरत राहिलं. मेणबत्ती थरथरत होती. सुगतला राहवेना.

"मी चुकलो?" त्यानं सुचवलं.

"गप्प बस," क्रांती म्हणाली.

*

सितारामनं फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला. धाकटं मशीन फुस्स करून मदतीला आलं. स्वतःचं वाक्य स्वतःच शेवटास न्यायची पाळी त्याच्यावर फार दिवसांनी आली होती. पुढचा रस्ता आपल्याला आठवतोय की नाही, याचीच त्याला खात्री नव्हती.

"मी घोरतो... ते तू जावंस... म्हणून."

गोजरानं मान वर केली नाही.

"तू एकदा पोस्टात जाते... म्हणून गेलीस. परत आलीस... ती गुणगुणत. पदराला... बोंबलाचा वास." त्यानं थांबून हवा गोळा केली. कुणी हललं नाही. "फोडणी बंद झाली... त्या दिवसापासून तू... गायची बंद झाली होतीस. म्हटलं, हिला... जाऊ दे. पण मी जागा असताना... तू जाणार नाहीस. मग... झोपलो."

"अहो, पण घोरायचं कशाला?" गोजरा मान खाली घालूनच म्हणाली.

"तुला... स्वयंपाकघरात... ऐकू जायला नको?"

प्राचीला हसू फुटलं. तिनं ते खोकल्यात लपवलं. या घरात कुणी खोकलं की सगळे दचकतात, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"आणि तू येईपर्यंत..." सिताराम पुढे म्हणाला, "पडून राहतो. दार उघडलं... की तो वास. मग... जागा होतो."

गोजरानं आता त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज भांडणाचा होता.

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? गोजरा, जा म्हणून?"

"सांगितलं की. म्हटलं, 'तू जरा...' तर तू म्हणालीस, 'तू जरा पाणी दे.' आणि पाणी... आणलंस."

मग गोजरा हसायला लागली. करावेला हसायची तसली. खुर्ची हलेपर्यंत. क्रांतीनं बुधवारचा तो चेहरा पुन्हा पाहिला, आणि या वेळी तिला त्याचा राग आला नाही.

"तरी म्हटलं, हे पाणी तसंच का ठेवतात!" गोजरा म्हणाली. "मी तर... अहो, मी तुम्हाला कंटाळा आला म्हणून जात होते!"

"मी तुला कंटाळा आलाय... म्हणून पाठवत होतो."

"बाबा," क्रांती म्हणाली. तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "मघाशी तुम्ही काय सांगत होतात? 'मला आधी...' म्हणालात."

सितारामनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"मला आधी... करावेला जायचंय. बोंबील भाजताना... ही कशी दिसते... ते बघायचंय. सकाळपासून... सांगतोय. उगाच चहा... घ्यावा लागला."

मग जो गोंधळ उडाला, तो मशीनच्या स्वागतापेक्षा मोठा होता. "धूर!" क्रांती म्हणाली. "वारा बघते," प्राची म्हणाली आणि तिनं मोबाइल काढला. "खाडीकडून येतोय. बाबांना खाडीच्या बाजूला बसवलं, तर धूर उलट्या दिशेला जाईल." "चुलीपासून लांब, पार रस्त्यापलीकडे!" "खुर्ची डिकीत टाक." "जादा बॅटरी घे." "टोपी!" "मेणबत्ती बंद करा कुणीतरी!" थोरलं मशीनही बंद झालं, आणि घरात इतकी शांतता पसरली की सगळे कुजबुजत बोलू लागले.

दारात सुगत थबकला. "पण खारघरचं काय? टेम्पो?"

"खारघरला आम्ही येऊ..." सिताराम म्हणाला आणि त्याचा श्वास संपला.

सगळे गोजराकडे वळले. गोजरा नवऱ्याकडे वळली.

"पूर्ण करू?"

त्यानं मान हलवली.

"...पाहुणे म्हणून," ती म्हणाली. "जेवून परत."

"बरोबर," सिताराम म्हणाला.

*

खाली वॉचमननं निळ्या शर्टात कडक सलाम ठोकला. सितारामनं जवळून शर्टाची कॉलर चाचपून पाहिली, इस्त्री नीट आहे याची खात्री केली आणि गाडीत बसला.

केशरबाईच्या घरामागे मोकळं अंगण होतं. अंगणातून पायवाट जायची, पायवाटेपलीकडे वडाची सावली होती आणि त्यापुढे खाडी. सुगतनं खुर्ची सावलीत मांडली. क्रांतीनं चिमूटभर धूळ उडवून वाऱ्याची दिशा तपासली. मोबाइलवर तिचा विश्वास नव्हता. प्राची बॅटरीच्या दिव्यावर नजर ठेवून उभी राहिली. एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्यालाही इतकी व्यवस्था नसते.

"हे काय सितारामभाव?" केशरबाई अंगणातूनच ओरडली. "आज खुद्द आले! या या. नको नको, तितंच बसा, हिकडं चूल हाय. मला समदं ठाव हाय तुमचं. लसून किती लागतो, भाकरी कशी लागते, सगल्या सोसायटीला ऐकू जाईल असं घोरता ते पन. ही रोज तुमचंच सांगत बसते. मी आपली ऐकतंय."

सिताराम ऐकत होता. इतका वेळ आपण कॉटवर पडलेले असताना आपण इथे होतो, हे त्याला नवीन होतं.

गोजरा चुलीपुढे बसली. पदर खोचला. विस्तवावर बोंबील टाकले, उलटले, हातानंच, चटका लागल्यावर बोटं झटकत. केशरबाई काहीतरी म्हणाली. गोजरा मागे रेलून हसली. वारा शहाण्यासारखा खाडीकडून वाहत होता आणि धूर गावाकडे नेत होता. तरी मध्येच तो क्षणभर पडला, आणि भाजल्या बोंबलाचा एक अगदी बारीक धागा वडाखाली येऊन पोचला. पदरातून यायचा तो नव्हे. हा ताजा होता.

सितारामनं डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली.

"अगो बाई, झोपले वाटतं," केशरबाई म्हणाली.

"कुठले झोपतायत!" गोजरा चुलीवरून मान न उचलता ओरडली. "अहो, बंद करा ते! मी इथेच आहे!"

घोरणं चालूच राहिलं. गोजरा बोंबील उलटता उलटता गुणगुणू लागली. तिनं भाकरीवर बोंबील ठेवला, वर कच्चा कांदा ठेवला, आणि ताटली घेऊन उठते तोच घोरण्याचा आवाज थांबला.

"बाबा?" क्रांती दचकून पुढे झाली. "बाबा!"

खांद्याला अडकवलेलं मशीन संथपणे फुस्स, फुस्स करत होतं. हिरवा दिवा लागलेला होता. सितारामचं तोंड किंचित उघडं होतं, टोपी एका कानावर आली होती.

गोजरा पायवाट ओलांडून आली. सवयीनं तिनं हात लावून श्वास पाहिला. मग लेकीला बोटानं गप्प केलं आणि ताटली मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी खालीच बसली.

"हळू बोल गं," ती म्हणाली. "आत्ता खरे झोपलेत."